लेकराचं हाथरूण

तान्ह्या लेकराखाली काय हाथरायचं, हा प्रश्न आमच्या लहानपणी कुणाला पडत नव्हता. घरातल्या म्हातारीचं विटलेलं लुगडं असायचं. ते फाडून बाळुती व्हायची, त्याचंच दुपटं, त्याचीच गोधडी. आता पुण्यातल्या दुकानात गेलं की फोमची गादी, लोकरीचं पांघरूण, मखमली उशी, असं काय काय समोर मांडतात. आईबाप गोंधळून जातात. आमच्याही घरात नातवाच्या वेळी हाच गोंधळ झाला, म्हणून मी या गोष्टीचा मागं जाऊन विचार केला. लेकराच्या हाथरुणालाही इतिहास आहे आणि पुणं शहर त्याला साक्षी आहे.

आधी गोधडी म्हणजे काय ते सांगतो, कारण आता पुष्कळांना ती फक्त नावानं ठाऊक आहे. वरून एक लुगडं, खालून एक लुगडं आणि मधे दोन-तीन जुन्या धोतरांचे, लुगड्यांचे थर. अंगणात ते ताणून पसरायचे, कडेनं दगड ठेवायचे आणि कडेपासून आत धावदोरा घालत यायचं. टाका बोटाच्या पेरापेक्षा मोठा नको. दाट टाक्यांमुळं थर एकमेकांना धरून राहतात आणि कितीही बडवून धुतली तरी आतलं कापड गोळा होत नाही. कापसाच्या गादीचं तसं नाही. तिला पाणी लागलं की आत गाठी होतात. मग पिंजारी बोलवा, कापूस पिंजून घ्या, पुन्हा भरा. म्हणून गादी पाव्हण्याला आणि गोधडी लेकराला. लेकरू रात्रीतून दोनदा ओलं करणार, हे धरूनच बायांनी ही वस्तू घडवली होती.

कापड जुनंच का, यालाही कारण आहे. नव्या कापडाला खळ असते, ते तान्ह्याच्या अंगाला टोचतं. शंभर वेळा धुतलेलं सुती लुगडं लोण्यासारखं मऊ होतं आणि ओल लगेच पिऊन घेतं. आमची आई म्हणायची, "लुगडं अंगावर फाटतं तेव्हा कुठं ते लेकराच्या लायकीचं होतं."

पण हिशेब बघा. गरिबाघरच्या बाईला वर्षाला दोन लुगडी मिळाली तरी ती नशीबवान. एका मोठ्या गोधडीत चार-पाच लुगड्या-धोतरांचं कापड जातं. म्हणजे एक गोधडी ही एका बाईची दोन-अडीच वर्षांची वस्त्रं. हे ध्यानात ठेवलं की १८९७ साली पुण्यात काय झालं ते नीट कळतं.

त्या वर्षी पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. सरकारनं फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा केला, प्लेग कमिटीवर रँडसाहेब आला. मार्चपासून मेपर्यंत गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधत होते. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत धाडायचे आणि घरातले कपडे, हाथरूण-पांघरूण बाहेर काढून कित्येक ठिकाणी जाळायचे. पुढं २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. देवघरात बूट घालून शिरले, बायामाणसांची अब्रू राखली नाही, हेही वाचलेलं असतं. जळालेल्या गोधडीवर मात्र धडा नाही.

मी साहेबाला सगळा दोष देत नाही. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसाला होतो, हे सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मधे कराचीत दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पिसू कापडात लपते, हेही खरं. पण ज्या घरातली गोधडी जळाली, त्या घरातलं पोर त्या रात्री भुईवर निजलं. नवी गोधडी करायला जुनं कापड लागतं आणि जुनं कापड बाजारात मिळत नाही. ते वापरून वापरून जुनं व्हावं लागतं.

त्याच प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या वस्तीतलं आजारी पोर पाठीवर घेऊन हडपसरच्या बाजूला माळावर, मुलगा यशवंतच्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. शिवाशिवीच्या काळात त्या पोराला कुणी हात लावला नसता. गरिबाचं लेकरू नि त्याचं हाथरूण, दोन्हींकडं घाण म्हणून बघायची लोकांची सवय जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई आली. १९४३ साली सरकारनं कापडावर कंट्रोल आणला. कंट्रोलच्या मांजरपाटाच्या गोष्टी आई सांगायची. त्या वर्षांत लुगडं फाटलं तरी दंड घालून नेसायचं, त्यामुळं गोधडीला कापड उरत नव्हतं. लेकरांच्या गोधड्या मग धान्याच्या पोत्याला आतून घेऊन शिवल्या. पोतं वर टोचू नये म्हणून एकच चांगला तुकडा लेकराच्या अंगाकडच्या बाजूला लावायचा.

मग १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर घराघरांत गाळ. आमच्या नात्यातली एक म्हातारी तेव्हा नदीकाठी वाड्यात भाड्यानं राहायची. ती सांगायची, गाद्या जागच्या जागी कुजल्या, त्या टाकूनच दिल्या. गोधड्या मात्र गाळातून ओढून काढल्या, धुतल्या, वाळवल्या आणि पोरं त्यांच्यावरच निजवली. धुता येणं म्हणजे काय, ते तिला त्या आठवड्यात समजलं.

पुरानं गोधडी गेली नाही, ती पुढं घरात बसल्या बसल्या गेली. शहरात बोहारणी फिरू लागल्या. जुनी साडी द्या, स्टीलचं भांडं घ्या. बाया हरखल्या. भांडं चकाकत होतं, लुगडं विटलेलं होतं. तेवढ्यात नायलॉन आणि पॉलिस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, वाळायला झटपट, फाटता फाटत नाहीत. त्यांची गोधडी शिवली तर ती घसरते, ओल पीत नाही, लेकराची पाठ घामानं निथळते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. सुती लुगडं नेसणाऱ्या बायाही म्हाताऱ्या होत गेल्या.

धुण्याची जागाही गेली. खडकवासल्याचा उजवा कालवा शहरातून हडपसरवरून पुढं इंदापुराकडं जातो. घटस्थापनेच्या आधी पितृपंधरवड्यात घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्या काठी यायच्या. सोड्यात भिजवून, धोपाटण्यानं बडवून, दोघी-दोघींनी पिळून झुडपांवर वाळत घालायच्या. २७ सप्टेंबर २०१८ ला, ऐन पितृपंधरवड्यात, दांडेकर पुलाजवळ याच कालव्याची भिंत फुटली आणि झोपडपट्टीतली घरं पाण्यात गेली. तिथल्या गरिबाच्या वाट्याला पुन्हा ओलं हाथरूण आलं.

आता पोर फ्लॅटमधे निजतं. खाली फोमची गादी. एकदा मूत आत गेलं की ते बाहेर काढता येत नाही, उन्हात टाकलं तरी वास राहतो. अंगाला पुरळ उठतं, मग मलम आणा. मेणकापड घातलं तर ओल आत जात नाही, पण लेकरू त्यावर उकडून निघतं. म्हणून मी घरात सांगितलं ते असं. गादी जी असेल ती असो, पण सपाट आणि घट्ट हवी, खड्डा पडणारी नको. तिच्यावर मेणकापड आणि त्याच्यावर सुती गोधडी. गोधडी छोटी, तीनच थरांची, म्हणजे मशीनमधे मावते नि बाल्कनीतल्या अर्ध्या दिवसाच्या उन्हात वाळते. अशा तीन हव्यात. एक अंगाखाली, एक दोरीवर, एक घडीत. रंग फिका, म्हणजे डाग आणि किडा-मुंगी दिसते. दोरा सुती, आणि सुटा धागा लोंबता ठेवू नये, बोटात अडकतो.

आमच्या जुन्या चाली सगळ्याच धराव्यात असं मात्र नाही. डोकं गोल व्हावं म्हणून आम्ही मोहरीची उशी द्यायचो, थंडीत वर जाड वाकळ टाकायचो. डॉक्टर सांगतात, वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको, तोंडावर येईल असं सैल, जड पांघरूण नको, उताणं निजवावं. ते ऐकावं. गोधडी खाली हाथरायला, गुदमरवायला नाही.

आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत सात सुती लुगडी निघाली. बोहारणीला द्यायची की काय करायचं, यावर घरात बोलणं झालं. सुनेनंच ती मशीनमधे गरम पाण्यानं धुतली आणि बायकोकडून टाका शिकून घेतला. दोन लुगड्यांत नातवाच्या तीन गोधड्या झाल्या. पाच लुगडी अजून शिल्लक आहेत. घरात दुसरी नात आहे, तिचं लगीन व्हायला पुष्कळ अवकाश आहे. तोवर ती ट्रंकेत डांबराच्या गोळ्या न घालता, कडुलिंबाचा पाला घालून ठेवली आहेत.