ग्लॅक्सो बेबी आणि आटलेला पान्हा

"आगं बाई, काय ग्लॅक्सो बेबी हाय!" गुबगुबीत बाळ दिसलं की आमच्या शेळगावच्या आजीच्या तोंडून हे हमखास निघतं. लहानपणी मला वाटायचं, ग्लॅक्सो हा गुबगुबीत या अर्थाचा अस्सल मराठी शब्द असणार. (हसू नका. इंदापूर तालुक्यातल्या आठ वर्षांच्या पोराला काय कळणार!) परवा आमची लेक चार महिन्यांची झाली, आजीने फोनवर पुन्हा तोच शब्द वापरला आणि मला राहवेना. आख्खा विकांत त्यातच घालवला. तर आजचा लेख त्यावर.

आधी शब्दाची कुळकथा. न्यूझीलंडमध्ये जोसेफ नेथन नावाच्या व्यापाऱ्याची कंपनी दुधाची भुकटी करायची. १९०६ मध्ये तिने त्या भुकटीसाठी 'ग्लॅक्सो' हे नाव नोंदवलं आणि तान्ह्या बाळांचं अन्न म्हणून तिची जोरदार जाहिरात सुरू केली. १९०८ मध्ये आयांसाठी 'ग्लॅक्सो बेबी बुक' काढलं. हे डबे भारतात विकण्यासाठी १९२४ मध्ये मुंबईत एच. जे. फॉस्टर अँड कंपनी स्थापन झाली. तीच पुढे ग्लॅक्सो इंडिया. म्हणजे आज आपण जिला औषध कंपनी म्हणून ओळखतो, तिचा इथला जन्म बाळाच्या दुधाच्या डब्यातून झालाय! आणि जाहिरातीतलं बाळ इतकं यशस्वी झालं, की शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आजीच्या भाषेत ते कायमचं येऊन बसलं. एखाद्या ब्रँडला यापेक्षा जास्त काय हवं?

आता आमची गोष्ट. लेक पुण्यात जन्मली. सिझेरियन. तिसऱ्या रात्री ती रडून रडून लाल झाली. ड्यूटीवरच्या सिस्टर आल्या, बायकोकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला दूध पुरत नाहीये. खालून डबा आणा." झालं! मी धावत खाली गेलो आणि दोन मिनिटांत डबा घेऊन वर आलो. कुणी काही मोजलं नाही, बाळ छातीशी नीट धरलंय का ते पाहिलं नाही. लेक बाटली पिऊन शांत झोपली. बायको मात्र जागीच होती. "मला साधं एवढंही जमत नाही," एवढंच म्हणाली. दहा वर्षं प्रोजेक्ट्स सांभाळणारी बाई हो ही. त्या एका वाक्यानंतर दोन आठवड्यांत तीनाच्या पाच बाटल्या झाल्या आणि तिचं दूध खरंच कमी झालं.

मग बारशाला आजी आली. शेळगाव म्हणजे बारामती-इंदापूर रस्त्यावरचं गाव. भोवती ऊस आणि दारात गाई. आजीची उभी हयात धारा काढण्यात गेलीय. तिने बाटली पाहिली, डबा पाहिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आरं, गाय पुरी पिळली न्हाई तर काय हुतं?"

"आटते."

"मग बाईचं काय येगळं हाय व्हय?"

मंडळी, मी नंतर यावर भरपूर वाचलं, पण मुद्दा आजीच्या या प्रश्नाच्या पुढे फारसा जात नाही. बाळ ओढतं, तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध तयार होतं. दूध साचून राहिलं की तयार होण्याचा वेग मंदावतो, रिकामं झालं की वाढतो. पहिले दोन-तीन दिवस थोडासा चीकच येतो. नवजात बाळाचं पोटही इवलंसं असतं, त्यामुळे तेवढा पुरतो. बाळ रडलं म्हणजे उपाशीच आहे असं नाही. पण त्या वेळी कुणी "पुरत नाही" म्हणालं आणि बाटली दिली, की बाळ कमी ओढतं. कमी ओढलं की कमी येतं. कमी आलं की आणखी एक बाटली. आपल्या भाषेत सांगायचं तर शुद्ध फीडबॅक लूप. शंका आधी येते आणि मग स्वतःला खरी करून दाखवते.

माझ्या मते या धंद्याचा इतिहास म्हणजे भुकटीचा इतिहास नाहीच. तो या शंकेच्या विक्रीचा इतिहास आहे.

तो लख्ख दिसला तो डॉक्टर सिसिली विल्यम्स यांना. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबात त्यांनी भाषण केलं, त्याचं शीर्षक होतं 'दूध आणि खून'. डबाबंद दुधाच्या प्रचारामुळे बाळं मरताहेत आणि त्याला खूनच म्हटलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गरीब घरात स्वच्छ पाणी नाही, बाटली उकळायला सरपण नाही आणि महागडा डबा जास्त दिवस पुरावा म्हणून भुकटी पातळ करावी लागते. परिणाम म्हणजे जुलाब आणि उपासमार. तरीही पुढची तीस-पस्तीस वर्षं विक्री वाढतच गेली. आफ्रिका-आशियात तर कंपन्यांनी नर्ससारखा पोशाख घातलेल्या बायका प्रसूतिगृहांत पाठवल्या. पांढऱ्या कपड्यातल्या बाईवर बाळंतीण विश्वास ठेवणार नाही तर कुणावर ठेवणार?

१९७४ मध्ये 'वॉर ऑन वॉन्ट' या ब्रिटिश संस्थेने 'द बेबी किलर' ही पुस्तिका काढली. स्वित्झर्लंडमध्ये तिचं भाषांतर करणाऱ्यांनी शीर्षकात थेट 'नेस्ले बाळं मारते' असं लिहिलं. कंपनीने बदनामीचा खटला भरला आणि १९७६ मध्ये जिंकलीही. आरोपींना माणशी ३०० फ्रँक दंड झाला. पण जाहिरातीच्या पद्धतींचा मुळापासून विचार करा, असं न्यायाधीशांनी कंपनीलाही सुनावलं. १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. २१ मे १९८१ ला जागतिक आरोग्य परिषदेत डबाबंद दुधाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर झाली. बाजूने ११८ देश, विरोधात एक. तो एक म्हणजे अमेरिका.

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये धारावी आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बाया बाळंत होतात. तिथे डॉक्टर अर्मिडा फर्नांडिस यांनी कमी दिवसांच्या बाळांसाठीसुद्धा डब्याऐवजी आईच्या दुधाचा आग्रह धरला. १९८९ मध्ये तिथेच आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. एका आईचं जास्तीचं दूध दुसरीच्या बाळाला. ज्या हॉस्पिटलात पैशाची सगळ्यात जास्त चणचण, तिथे हे घडलं. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता, सवयीचा होता.

३ डिसेंबर १९९१ ला वर्ध्यात बीपीएनआय ही स्तनपानासाठी काम करणारी संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९९३ पासून तो लागू झाला. हा कायदा एकदा वाचाच. बाळाच्या दुधाची जाहिरात नाही, मोफत नमुने नाहीत, डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र नाही, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी नाहीत. ग्लॅक्सो बेबीचं चित्रच बेकायदा! २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या खाऊची जाहिरातही बंद झाली. कायद्याखाली तक्रार करायचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही दिला गेला. त्यातली एक म्हणजे मुंबईची 'अकाश'. डॉक्टर आर. के. आनंद हे तिथलं मोठं नाव. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीवरून अकाशने जॉन्सन अँड जॉन्सनविरुद्ध तक्रार केली आणि पुढे त्या कंपनीने भारतात बाटल्या विकणंच थांबवलं. मूठभर डॉक्टर आणि ग्राहक कार्यकर्ते, समोर अवाढव्य कंपनी. आपल्याकडे असंही होतं, हे अधूनमधून आठवायला बरं असतं.

मग माझ्या हातात तो डबा कसा आला? तर जाहिरात बंद झाली, शंका नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे डॉक्टर, नर्स, सगळे हजर असतानाही पहिला तास हुकतोय. जाहिरातीची गरजच काय, तिचं वाक्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे!

आणि जुनं ते सगळं सोनं होतं असंही नाही हं. आमच्याकडे वासराला चीक पाजल्याशिवाय कुणी राहत नाही, पण बाळंतिणीचा चीक मात्र 'जड' म्हणून पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. आईच्या दुधावरचा अविश्वास कंपन्यांनी शोधून नाही काढला. त्यांनी फक्त त्याला डब्यात भरून किंमत लावली.

हे सगळं मी एका रात्री आजीला सांगत होतो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुज्या बापाच्या पाठची एक पोरगी हुती."

मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. १९७२ चा दुष्काळ. आजी बाळंत झाली आणि महिन्याभरात खडी फोडायला गेली. खायला धड नाही, दिवसभर पोरगी घरी. एका डॉक्टरने सांगितलं, तुला दूध पुरत नाही, डबा आण. आजोबांनी उसनवारी करून डबा आणला. संपू नये म्हणून एका चमच्याचा अर्धा केला. पाणी टँकरचं. पोरगी हगवणीने गेली. "मला वाटायचं, माजंच दूध वंगाळ," आजी म्हणाली. पन्नासहून अधिक वर्षं ती हे मनात धरून होती. मी तिला सिसिली विल्यम्सबद्दल पुन्हा सांगितलं. तुझी परिस्थिती जगात कुठेतरी एका बाईने १९३९ मध्येच ओळखली होती, चूक तुझी नव्हती. तिला किती पटलं माहीत नाही. "व्हय का," म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

बायकोचं म्हणाल तर आम्ही स्तनपान समुपदेशक गाठली. दर दोन तासांनी लेकीला छातीशी धरायचं, बाटली हळूहळू कमी करायची. तीन आठवडे लागले. रात्रीची एक बाटली अजून आहे आणि तिच्याबद्दल आम्ही वाईट वाटून घेत नाही. काही आयांना डबा लागतोच. आजारपण असतं, औषधं असतात, कधी आई नसतेच. २०१७ पासून पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झालीय, पण ती खडी फोडणाऱ्या बाईपर्यंत आजही पोचत नाही. तेव्हा ज्या आईच्या हातात बाटली दिसेल तिला ऐकवायला हा लेख वापरू नका. एक शंका काढून दुसरी द्यायची नाहीये.

एवढंच करा. मित्राकडे बाळ बघायला जाल तेव्हा "दूध पुरतंय ना?" असं विचारू नका. तिला "जेवलीस का?" असं विचारा आणि तासभर बाळाला घेऊन बसा.

असो, लांबण लागली. आजीचा आत्ताच पुन्हा फोन येऊन गेला. "काय म्हणती माजी ग्लॅक्सो बेबी?" एवढं सगळं ऐकूनही शब्द तोच! मी काही सुधारायला गेलो नाही. लेक उठलीय, पळतो.