डब्ल्यू २४ एक्सची कुळकथा

स्लोव्हाकियातल्या रोमा समाजातल्या कर्णबधिरांमध्ये एक जनुकीय बदल मोठ्या प्रमाणात आढळतो, असं २००३ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथल्या संशोधकांनी भारतीय कर्णबधिर कुटुंबांचा अभ्यास छापला. तिथेही ठळकपणे पुढे आला तो हाच बदल, डब्ल्यू २४ एक्स. दोन वर्षांनी स्पेनमधल्या रोमांतही तो सापडला. हे तीन निबंध शेजारी ठेवून वाचले आणि मला त्यात एक कुळकथा दिसली.

जनुकाचं नाव जीजेबी२. ते कनेक्सिन २६ हे प्रथिन बनवतं आणि या प्रथिनामुळे कानाच्या शंखातल्या पेशी एकमेकींकडे पोटॅशियम पोचवू शकतात. १९९७ साली पाकिस्तानी कुटुंबांत या जनुकाचा बहिरेपणाशी संबंध उघड झाला, तेव्हाही त्यात डब्ल्यू २४ एक्स होताच. डीएनएच्या अक्षरांत एका जागी जी-ऐवजी ए येतो आणि २२६ अमिनो आम्लांची साखळी २४व्या जागीच थांबते. आईवडील दोघांकडून अशीच प्रत आली, तर मूल बहुधा जन्मापासून कर्णबधिर असतं.

आता वादाचा मुद्दा. हा बदल युरोपात आणि भारतात वेगवेगळा घडला असेल, असं कुणी म्हणू शकेल. मला ते पटत नाही. डीएनएमध्ये सी आणि जी लागोपाठ येतात तिथे बदल पुन्हापुन्हा घडतात. इथे बदललेल्या जी-च्या आधी टी आहे. रोमांचे युरोपीय शेजारी पाहा: त्यांच्यात बहिरेपणाचा नेहमीचा बदल ३५डेलजी आहे, डब्ल्यू २४ एक्स विरळा. शिवाय रोमांमधल्या स्नायूदुर्बलतेच्या एका आनुवंशिक आजाराचा बदल, १२६७डेलजी, तोही भारत-पाकिस्तानात सापडतो. असा योगायोग दोनदा घडत नसतो. रोमांची भाषा भारतीय आर्यकुळातली आहे, हे अठराव्या शतकातच ओळखलं गेलं होतं. माझ्या मते डब्ल्यू २४ एक्स त्यांच्याबरोबर वायव्य भारतातून निघाला. म्हणजे त्याचं वय हजार वर्षांच्या वरच, आणि मी तर दीड हजार धरतो. भारतातल्या कुटुंबांचा अभ्यासही एकाच पूर्वजाकडे बोट दाखवतो.

पण कुळ शोधून जनुकीय तपासणीचा अहवाल वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? पुष्कळ. एरवीचा नियम सोपा आहे: जो बदल निरोगी लोकांतही सर्रास दिसतो, तो निरुपद्रवी. बहिरेपणाच्या तज्ज्ञगटाने २०१८ साली अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या प्रकारासाठी या ‘सर्रास’ची मर्यादा ०.५ टक्के ठरवली. मात्र पूर्वेकडच्या आशियाई लोकांत जीजेबी२-मधलाच व्ही ३७ आय हा बदल तिच्या कितीतरी पुढे जातो आणि तरीही तो दोषीच आहे, म्हणून त्याला अपवाद करावा लागला. याच जनुकातल्या एम ३४ टी-ची तऱ्हा आणखी वेगळी. १९९७ साली त्याची एकच प्रत बहिरेपण आणते असं मानलं गेलं. मग चांगलं ऐकू येणाऱ्यांतही तो सापडला आणि त्याला निर्दोष म्हणणारे पुढे आले. २०१९ साली निवाडा झाला: व्ही ३७ आय आणि एम ३४ टी दोन्ही दोषी, पण दोन प्रती असूनही परिणाम अनेकदा सौम्य किंवा अजिबात दिसत नाही. एखादा बदल कोणत्या समाजात, किती पिढ्या वाढला हे ठाऊक नसेल, तर नुसत्या टक्केवारीवरून असा निवाडा चुकणारच. त्यात जगातली मोठी जनुकीय कोठारं युरोपीय वंशाच्या लोकांनी भरलेली. आपल्याकडच्या, जातीतल्या जातीत लग्नं करत आलेल्या समाजांना तो मापदंड पुरत नाही.

तुमच्या घरी मुलाचा असा अहवाल आला आणि त्यात जीजेबी२-चा एकच बदल असेल, तर तेवढ्यावर कारण सापडलं असं मानू नका. आईवडिलांचीही तपासणी करून घ्या. ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असेल तर काही वर्षांनी तोच अहवाल जनुकीय समुपदेशकाकडून पुन्हा वाचून घ्या. श्रवणयंत्र आणि भाषेचं शिक्षण मात्र त्या अहवालासाठी एक दिवसही थांबवू नका.