लिलावातला 'व'

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले गोल्फचे एखादे दुर्मीळ तैलचित्र विक्रीला निघाले, की मराठी बातमीत एक शब्द हटकून येतो: लिलाव. चित्र स्कॉटलंडचे, गिऱ्हाईक कुठलेही, शब्द मात्र घरचा वाटतो. तो संस्कृतातून आलेला नाही आणि फारसीतूनही थेट आलेला नाही. पोर्तुगीज 'लेइलांव' हे त्याचे लगतचे माहेर.

या पोर्तुगीज शब्दाचा शेवटचा स्वर मोठा रसाळ आहे. तो नाकातून निघतो आणि ओठांवर संपतो. त्यातले काय उचलायचे, हे ज्या-त्या भाषेने आपापल्या कानाने ठरवले असावे. मराठीने ओठ घेतले, नाक सोडले: लिलाव. हिंदीने नाक धरून शेवटी 'म' आणला, आणि दोन 'ल' लागोपाठ नकोत म्हणून पहिल्याचा 'न' केला असे दिसते: नीलाम. गुजरातीच्या 'लिलाम'मध्ये दोन्ही 'ल' शाबूत आहेत, शेवट मात्र हिंदीसारखा. आपल्या खाण्यातल्या 'पाव'ची कुळकथा हीच. तोही पोर्तुगीज, आणि मुळात त्याच नाकातल्या स्वरावर संपणारा. कोकणीने तर गुंडीच्या 'बुतांव'मध्ये नाक आणि ओठ दोन्ही राखले.

पोर्तुगीजांकडे हा शब्द अरबांकडून आला. आयबेरियात अरबी सत्ता शतकानुशतके नांदली, तेव्हाचा हा ठेवा. आरंभीचा 'ल' हा 'अल्' या उपपदाचा अवशेष असावा. मूळ धातू ऐन-लाम-मीम: जाणणे, खूण करणे. इथे वाट दुभंगते. कोणी 'इअलाम' म्हणजे जाहीर करणे यापासून शब्द काढतात. विक्री पुकारून होते, तेव्हा अर्थ चपखल बसतो. कोणी 'अअलाम' म्हणजे निशाणे, 'अलम'चे अनेकवचन, हे मूळ मानतात. मोहरमच्या मिरवणुकीतला अलम तो हाच. माझा कल या दुसऱ्या मताकडे झुकतो, कारण रोमन लोकही जमिनीत भाला रोवून त्याच्याखाली जाहीर विक्री करीत; स्पॅनिशमधल्या 'सुबास्ता' या लिलाववाचक शब्दाचा अर्थच 'भाल्याखाली'. अर्थात रोमनांच्या भाल्यावरून अरबांचे निशाण सिद्ध होत नाही, हेही खरे.

धातूचा गोतावळा पाहावा. मालूम, इलम, जग या अर्थाचा आलम आणि आपली तालीम, सगळे याच घरातले. अरबीत 'तालीम' म्हणजे शिकवणे. मराठीने शिकवण्याचा अर्थ ठेवला आणि शिकवण्याच्या जागेलाही तेच नाव दिले. म्हणजे लाल मातीत घुमणारा पैलवान आणि लिलाव पुकारणारा हे शब्दांपुरते तरी भाऊबंद.

त्यात आणखी एक मौज आहे. विदर्भ-मराठवाड्यात लिलावाला 'हर्रास' म्हणतात. हा अरबी 'हराज'. फारसीच्या वाटेने दख्खनमध्ये उतरलेला दिसतो. कन्नडमध्येही 'हराजु' आहेच. एकाच व्यवहाराचे दोन अरबी शब्द मराठीत आले, एक लिस्बनला वळसा घालून समुद्राने, दुसरा बहुधा खुश्कीने. इंग्रजी 'ऑक्शन'चा मात्र याच्याशी संबंध नाही. तो लॅटिन 'वाढवणे' या धातूचा. संस्कृतातले 'ओजस्' आणि 'उग्र' त्याचे दूरचे आप्त मानले जातात. चढत्या बोलीला ओज असतेच.

आता बोली ज्या चित्रावर लागते, त्यातल्या खेळाकडे. 'गोल्फ' आणि 'गोल' यांची सोयरीक जुळवण्याचा मोह आवरावा. मूळ बहुधा डच 'कोल्फ', म्हणजे दांडू. नाव चेंडूवरून नव्हे, काठीवरून पडलेले दिसते. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींवर बंदी घातली, तिरंदाजीचा सराव मागे पडतो म्हणून.

या खेळाचे सर्वांत गाजलेले व्हिक्टोरियन चित्र म्हणजे चार्ल्स लीस यांचे १८४७चे 'द गॉल्फर्स': सेंट अँड्र्यूजच्या मैदानावरचा सामना आणि भोवती दाटलेले बघे. त्यासाठी लीस यांनी हिल आणि अ‍ॅडमसन यांच्या छायाचित्रांची मदत घेतली होती. खेळणाऱ्या चौघांतले मेजर ह्यू लायन प्लेफेअर हिंदुस्थानात बंगाल तोफखान्यात नोकरी करून परतलेले. २००२ साली हे चित्र स्कॉटलंडची राष्ट्रीय कलादालने आणि सेंट अँड्र्यूजचा क्लब यांनी मिळून घेतले. साहजिकच संग्राहकांना आता त्याच्या छापील प्रती आणि त्या काळची इतर चित्रे यांवरच नजर ठेवावी लागते.

चित्रात काठ्या सांभाळणारे 'कॅडी' आहेत. हा शब्द फ्रेंच 'कादे'चा, म्हणजे धाकटा मुलगा. एडिंबरात त्याचा अर्थ निरोप्या, हमाल असा घसरला. आपल्या शाळांतला एनसीसीचा कॅडेट त्याचा सख्खा भाऊ, फक्त नशीब बरे. चेंडू पिसे ठासून भरलेला, चामडी. वर्षभरातच, १८४८च्या सुमारास, गटापर्चाचा चेंडू आला आणि चामड्याची सद्दी संपली. चित्राचा काळ ठरवताना म्हणूनच चेंडूही खूण ठरू शकतो. 'गटा' हा मलय 'गेताह', झाडाचा चीक. त्याच मलय भाषेने पोर्तुगीजांकडून लिलावही घेतला. तिथे तो 'लेलोंग' झाला.

राहता राहिला 'दुर्मीळ'. वेश संस्कृताचा, पण संस्कृतात 'मिल्' म्हणजे भेटणे, एकत्र येणे. हाती लागण्यासाठी तिथे 'लभ्', म्हणून 'दुर्लभ'. मराठीत 'मिळणे'चा अर्थ प्राप्तीकडे सरकला आणि मग त्याला 'दुर्' हा उपसर्ग जोडला गेला असावा. म्हणजे हा शब्द इथेच घडलेला. 'अनोळखी'ची घडणही तशीच वाटते. संस्कृत उपसर्ग आणि मराठी वळणाचा धातू अशी जोडणी आणखी कुठे सापडते का, हे वाचकांनीही धुंडाळून पाहावे.