सहाच्या बारा कशा झाल्या

१९३८ च्या डिसेंबरात ब्रुकलिनमधल्या क्लिंटन स्ट्रीटवर, बायकोच्या माहेरच्या घरात, बिल विल्सन पलंगावर पडल्या पडल्या वहीत लिहीत होता. एके काळी शेअर बाजारात नाव कमावलेला हा माणूस. दारूपायी ते नावही गेलं आणि पैसाही. आता चार वर्षं त्याने थेंबही घेतला नव्हता, आणि दारू सोडण्याच्या रीतीवर तो पुस्तक लिहायला बसला होता.

रीत तोवर तोंडीच चालायची. कलमं सहा: हार मान, स्वतःशी खरं बोल, दुसऱ्या कुणापाशी सगळं ओक, ज्यांचं नुकसान केलंस त्यांची भरपाई कर, दुसऱ्या दारुड्याला फुकट मदत कर, आणि जो कुठला देव असेल त्याची प्रार्थना कर. बिलला ही सहा फार सैल वाटली. पिणाऱ्याला पळवाट शोधायला शिकवावं लागत नाही, हे त्याला स्वानुभवाने पक्कं माहीत होतं. म्हणून एकेका कलमाचे दोन दोन तुकडे करत त्याने फटी बुजवल्या. अर्ध्या तासात लिहून झालं, मोजले तर बारा भरले, याच त्या बारा पायऱ्या. येशूचे शिष्यही बाराच, म्हणून स्वारी खूश झाली.

कच्चा माल उसना होता. फ्रँक बुकमन या पाद्र्याच्या ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये पापाची कबुली आणि भरपाई यांवर भर असे. तिथे सुधारून आलेला एक जुना पिणारा दोस्त, एबी थॅचर, १९३४ च्या नोव्हेंबरात बिलच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि पुढे केलेला पेला त्याने नाकारला. पुढच्याच महिन्यात बिल न्यू यॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलात दाखल झाला आणि तिथून निघाल्यावर पुन्हा प्यायला नाही. तिथल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांचं म्हणणं होतं की दारूचं व्यसन हा आजार आहे, त्यात चारित्र्याचा दोष काढू नये. बिल मग दिसेल त्या दारुड्याला देव सांगत सुटला. सहा महिन्यांत एकही सुधारला नाही. डॉक्टरांनी सुनावलं, प्रवचन पुरे, आधी आजाराबद्दल बोल.

या सल्ल्याची कसोटी लागली ओहायोतल्या अ‍ॅक्रनमध्ये, १९३५ च्या मे महिन्यात. एका कंपनीचा ताबा मिळवायचा बिलचा डाव फसला होता आणि खिशात जेमतेम पैसे होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला कल्लोळ, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि भिंतीवर चर्चची यादी. बिलने यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावला. बोलायला एखादा दारुडा मिळेल का? नावांवरून नावं निघत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ आले ते पंधरा मिनिटांची मुदत घालून. उठले रात्री अकरानंतर. बिलने त्यांना उपदेश केलाच नाही, स्वतःची कहाणी सांगितली, आणि सांगताना उघड कबूल केलं की या बोलण्याची गरज मला आहे. माझ्या मते सगळ्या रीतीचं मूळ या कबुलीत आहे. बारा पायऱ्या हा त्यावरचा शाईचा हात.

डॉ. बॉब त्यानंतरही एकदा घसरले. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी हात थरथरू नयेत म्हणून बिलनेच त्यांना बिअरची बाटली दिली. ती त्यांची शेवटची. या दोघांपासून सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १० जून १९३५ हा आपला स्थापनादिन मानते तो याच बाटलीवरून.

बिलच्या पुस्तकाच्या मसुद्यावर न्यू यॉर्कमधल्या सभासदांची खरी खडाजंगी झाली ती देवावरून. जिम बरवेल हा कट्टर नास्तिक. त्याच्यासारख्यांच्या हट्टामुळे सातव्या पायरीतलं गुडघे टेकणं गेलं आणि देवापुढे ‘आम्हाला जसा उमगला तसा’ ही पुस्ती लागली. एका डॉक्टरने सुचवलं, ‘तुम्ही असं करा’ काढा, ‘आम्ही असं केलं’ लिहा. तेही मानलं गेलं. एप्रिल १९३९ मध्ये पुस्तक निघालं. साडेतीन डॉलर किंमत वसूल वाटावी म्हणून कागद मुद्दाम जाड घेतला होता, म्हणून सगळे त्याला बिग बुक म्हणू लागले.

पैशाचा नियम मात्र नाइलाजातून आला. बिलला इस्पितळं काढायची होती, पगारी प्रचारक नेमायचे होते. धनाढ्य रॉकफेलर यांनी १९३८ मध्ये दिले फक्त पाच हजार डॉलर, कारण जास्त पैशाने हे काम नासेल असं त्यांचं मत होतं. तेव्हा बिल हिरमुसला. पुढे हेच धोरण झालं. बाहेरची देणगी घ्यायची नाही, सभासदांनी खर्च आपसांत भागवायचा. राजकारणालाही बंदी, कारण एक जुना धडा समोर होता. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १८४० मध्ये, बाल्टिमोरच्या सहा पिणाऱ्यांनी काढलेली वॉशिंग्टोनियन चळवळ हजारोंपर्यंत पोचून दारूबंदीच्या राजकारणात विरून गेली होती.

१९५७ मध्ये हे लोण मुंबईत पोचलं. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण काढलं. ते रीतसर व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉक्टर आणि औषधं आहेत, तरी बिलच्या रीतीसारखंच तिथेही नव्या पेशंटशी बोलायला बसणाऱ्यांत बरेचजण पूर्वी तिथेच पेशंट म्हणून दाखल झालेले असतात.