हृदयाच्या कप्प्यांचे मोजमाप

हृदयरुग्णाच्या 'टू-डी इको' अहवालात 'इजेक्शन फ्रॅक्शन' या शब्दांपुढे टक्केवारीचा एक आकडा असतो. तो थेट मोजला जात नाही. डाव्या जवनिकेच्या, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या खालच्या कप्प्याच्या, दोन आकारमानांवरून तो काढला जातो. पूर्ण भरलेल्या जवनिकेत १२० मिलिलिटर रक्त असेल आणि आकुंचनानंतर ५० मिलिलिटर उरत असेल, तर ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडले. म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन सुमारे ५८ टक्के झाले. निरोगी हृदयही सगळे रक्त बाहेर टाकत नाही.

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेलमुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साह्याने हृदयाची हालचाल टिपली. आरंभीच्या पद्धतीत जवनिकेचा एकच व्यास मिळे आणि ती लंबगोल आहे असे गृहीत धरून आकारमान काढले जाई. हृदयविकाराच्या झटक्याने भिंतीचा काही भाग निकामी झाला, की हे गृहीतक कोसळते. म्हणून 'सिम्पसन' पद्धतीत दोन वेगवेगळ्या छेदांत जवनिकेची आतली कड आखतात, तिच्या साधारण २० चकत्या कल्पितात आणि त्यांच्या आकारमानांची बेरीज करतात. मात्र जवनिकेचे टोक चित्रात पूर्ण आले नाही, तर ती प्रत्यक्षाहून लहान भासते.

एमआरआय तपासणीत जवनिकेचे एकापाठोपाठ एक असे प्रत्यक्ष आडवे छेद घेतले जातात. आकाराविषयी काही गृहीत धरावे लागत नसल्याने हे मोजमाप प्रमाण मानले जाते. चंद्रकोरीसारख्या उजव्या जवनिकेसाठी ते विशेष उपयुक्त ठरते. परंतु या तपासणीला वेळ आणि खर्च अधिक लागतो.

या अचूकतेवर महत्त्वाचे निर्णय अवलंबून असतात. योग्य औषधोपचारानंतरही इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा त्याहून कमी राहिल्यास काही रुग्णांत हृदयाचे घातक अनियमित ठोके रोखणारे 'आयसीडी' उपकरण बसवण्याचा विचार होतो. कर्करोगावरील काही औषधे चालू ठेवावीत की थांबवावीत, हेही यावरून ठरते. दोन अहवालांतील थोडासा फरक मात्र आजाराचा नसून मोजणीचाही असू शकतो. म्हणून फेरतपासणी शक्यतो त्याच पद्धतीने करून घ्यावी आणि जुने अहवाल सोबत न्यावेत.