सत्र संपल्यावर लिहिलेला इतिहास

नागपूरकर भोसल्यांचा इतिहास लिहायला बसणाऱ्यापुढे दोन वेगळ्या जातीची साधने असतात. पहिले म्हणजे काशीराव राजेश्वर गुप्ते यांची बखर. १८१७च्या नोव्हेंबरात २६ आणि २७ तारखेला इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली, पुढे आप्पासाहेबांची गादी गेली, अज्ञान रघूजी तिसऱ्याच्या नावाने कंपनीचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स राज्यकारभार पाहू लागला, आणि या जेंकिन्सच्या अमदानीत बखर लिहिली गेली. दुसरे साधन म्हणजे रेसिडेंटांची पत्रे. १८०३च्या डिसेंबरातल्या देवगावच्या तहानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपुरात आला, १८०७पासून जेंकिन्स. दोघेही दरबारात जे घडे ते घडता घडता वरिष्ठांना कळवत असत. एच. एन. सिन्हा यांनी १९५०च्या दशकात नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांतून जे पाच खंड निवडून काढले, त्यांत ही ताजी घाई जागोजागी दिसते. बखरकाराला शेवट ठाऊक आहे. उद्या काय होणार हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. बखर त्यामुळे खोटी ठरत नाही, पण तिच्यातले जे जे पुढे निरुपयोगी ठरले, फसले, अर्धवट राहिले, ते लिहिण्याआधीच गळून गेलेले असते. नोंद कधी केली यावर तिची किंमत ठरते. हा जुना न्याय नागपुरातल्या परसोडीच्या आयटी पार्कात आणि मिहानमध्ये चालणाऱ्या हजारो संगणकांना तितकाच लागू आहे, कारण त्या यंत्रांतही रोज एक इतिहास लिहिला जातो, आणि तो बखरीच्या पद्धतीने लिहायचा की रोजकीर्दीच्या, हे कुणीतरी ठरवून ठेवलेले असते.

काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम करून घेणाऱ्या कार्यक्रमाला शेल म्हणतात. दिलेल्या आज्ञा तो लक्षात ठेवतो. वरचा बाण दाबला की मागची आज्ञा पुढे येते, कंट्रोल आणि आर दाबून जुन्यातली एखादी शोधता येते. लिनक्सवर सर्वांत पसरलेला शेल म्हणजे बॅश. त्याची मूळची रीत अशी की सत्र चालू असेपर्यंत सगळ्या आज्ञा केवळ स्मृतीत राहतात आणि खिडकी बंद करताना एकदम फाइलीत उतरतात. खिडकी नीट बंद झाली तर ठीक. वीज गेली किंवा प्रक्रिया सक्तीने मारावी लागली, तर त्या सत्रातली एकही ओळ मागे उरत नाही. शिवाय बॅशची पुस्तिका सांगते की हिस्टअपेंड नावाचा पर्याय चालू नसेल तर बाहेर पडताना फाइलीत भर पडत नाही, ती नव्याने लिहिली जाते. चार खिडक्या उघडून काम करणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की जी खिडकी सर्वांत शेवटी मिटेल तिचाच वृत्तान्त खरा. डेबियन आणि उबुंटू यांनी आपल्या नमुना फाइलीत हा पर्याय आधीच चालू करून दिला, त्यामुळे पुष्कळांना हा त्रास जाणवतही नाही. पण लिहिण्याची वेळ त्यांनीही बदललेली नाही. नोंद होते ती सत्र संपल्यावरच.

ही रीत कुणाच्या मूर्खपणातून आलेली नाही, ती परिस्थितीतून आली. केन थॉम्पसनने १९७१मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा पहिला शेल लिहिला तेव्हा त्याला स्मृती नव्हती आणि तिची गरजही फारशी नव्हती. समोर पडदा नव्हता, टेलिटाइप होते. सेकंदाला दहा अक्षरे या गतीने खडखडत सगळे कागदावर छापले जाई. काय काय केले हे पाहायचे तर गुंडाळी मागे सरकवायची. माझ्या मते शेलच्या इतिहासाचा जन्म कागद गेला त्या दिवशी झाला. काचेचे टर्मिनल आले, चोवीसेक ओळी मावणाऱ्या पडद्यावरून आज्ञा वर सरकून नाहीशी होऊ लागली, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉयने सी शेलमध्ये आज्ञांची यादी ठेवण्याची सोय केली. दोन उद्गारचिन्हे टाइप केली की मागची आज्ञा पुन्हा चाले. त्याच सुमारास, १९७९मध्ये, खुद्द बेल लॅब्जमधून आलेल्या बोर्न शेलमध्ये मात्र ही सोय नव्हती. हेतू पाहिला तर तो केवळ बोटांचे कष्ट वाचवण्याचा होता. जपणूक, साक्ष, पुढच्या पिढीसाठी ठेवा असले काही कुणाच्या मनात नव्हते.

यानंतरचा टप्पा मला सर्वांत बोलका वाटतो, आणि तोच बहुतेकांच्या स्मरणात नाही. डेव्हिड कॉर्नने १९८३च्या जुलैत टोरांटोच्या युझनिक्स परिषदेत आपला कॉर्न शेल मांडला. त्यात इतिहासाची फाइल पहिल्यापासून सामाईक होती: एकाच फाइलीकडे बोट दाखवणारे सगळे शेल तीत लिहीत आणि तीतूनच वाचत. म्हणजे बखरीची रीत ही काही आरंभीची अपरिहार्य अवस्था नव्हती. बॅशच्या आधीच पूर्ण सामाईक रीत अमलात आली होती. पण एका खिडकीत मागची आज्ञा मागावी आणि दुसऱ्या खिडकीतली समोर यावी, हे अनेकांना नकोसे झाले. ब्रायन फॉक्सने १९८९मध्ये ग्नू प्रकल्पासाठी बॅश लिहिला तेव्हा प्रत्येक सत्राची यादी वेगळी राहिली. प्रिन्स्टनचा विद्यार्थी पॉल फाल्स्टॅड याने १९९०मध्ये सुरू केलेल्या झी शेलमध्ये पुढे दोन्ही वाटा पर्याय म्हणून आल्या. सामाईकपणाचा जाच झाला म्हणून अलगपणा आला आणि अलगपणात नुकसान होते म्हणून सामाईकपणाची मागणी पुन्हा आली. हे हेलकावे चाळीस वर्षे चालू आहेत, याचे कारण असे की साठवणे आणि वाटणे या दोन वेगळ्या निर्णयांना आपण एकच निर्णय समजत आलो.

झी शेलमध्ये ते वेगळे काढलेले स्पष्ट दिसतात. शेअर हिस्टरी हा पर्याय चालू केला की आज्ञा दिल्याबरोबर फाइलीत जाते आणि इतर खिडक्यांतल्या नव्या आज्ञाही तुमच्या यादीत शिरतात. इंक अपेंड हिस्टरी हा दुसरा पर्याय फक्त पहिले अर्धे काम करतो: लगेच लिहितो, दुसऱ्याचे आणत नाही. बॅशमध्येही प्रॉम्प्ट कमांड या चलात हिस्टरीची ‘ए’ खूण घातली की प्रत्येक आज्ञेनंतर नवी ओळ फाइलीत जोडली जाते; दुसऱ्या खिडक्यांचे हवे असेल तर ‘एन’ खुणेने ते मागून घेता येते. माझा पक्ष असा की लिहिणे तत्काळ आणि एकत्र असावे, पण वाचणे आपापले असावे आणि दुसऱ्याचे मागितल्याखेरीज समोर येऊ नये. सरसकट वाटणी गैरसोयीची तर आहेच, प्रसंगी ती धोक्याचीही ठरते. एका खिडकीत चाचणीच्या फोल्डरातल्या फाइली पुसायची आज्ञा दिली, दुसरी खिडकी खऱ्या ग्राहकांच्या यंत्रणेच्या फोल्डरात उभी आहे, तिथे सवयीने वरचा बाण आणि एंटर दाबले, की पुढचे सांगायला नको.

जुन्या मराठी दफ्तरांत ही विभागणी व्यवहारातून रुजलेली होती. रोजकीर्दीत त्या त्या दिवसाचा व्यवहार त्या त्या दिवशी चढे. सनदा आणि आज्ञापत्रे सुटण्यापूर्वी वेगवेगळ्या कामगारांच्या हातून जात आणि दफ्तरी नोंद झाल्याचे शेरे त्यांवर पडत. नोंद एकत्र होती, पण फडातला प्रत्येक कारकून सगळ्यांचे सगळे वाचत बसला नव्हता. प्रत दुसरीकडे जाण्याचा फायदा काय, हे तर नागपूरच्याच उदाहरणावरून दिसते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३०नंतर पेशवे दफ्तरातून निवडून काढलेल्या ४५ खंडांतला विसावा खंड नागपूरकर भोसल्यांचा आहे. नागपूरच्या घडामोडी पुण्याच्या चळतीत टिकल्या, कारण त्या वेळच्या वेळी तिकडे कळवल्या गेल्या होत्या. यादव माधव काळे यांनी १९३४ साली भोसल्यांचा सविस्तर इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्या हाती केवळ बखर असती तर त्यांचे पुस्तक किती बारीक झाले असते, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

याच कागदांतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मराठेशाहीतल्या पुष्कळ पत्रांवर चंद्र (म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस) आणि महिना असतो, वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. संशोधकाला मात्र मजकुरातल्या लढाया, लग्ने, मृत्यू यांच्या आधारे वर्ष शोधून काढावे लागते, आणि चुकले की सगळी साखळी चुकते. बॅशची फाइल मुळात याहून दरिद्री: तीत तारीख नाही, वेळ नाही, आज्ञा कुठल्या फोल्डरात दिली ते नाही, ती यशस्वी झाली की फसली तेही नाही. पत्रावर निदान मुक्कामाचे गाव तरी असे. वेळेचा शिक्का मारणारे हिस्टटाइमफॉरमॅट हे चल २००४च्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि आजही ते स्वतः लिहून घ्यावे लागते. झी शेलचा एक्स्टेंडेड हिस्टरी हा पर्याय आज्ञेची वेळ आणि ती किती सेकंद चालली हे दोन्ही ठेवतो. अलीकडचे आतुइन नावाचे साधन फाइलीऐवजी एसक्यूलाइटच्या छोट्या कोठारात प्रत्येक आज्ञेबरोबर फोल्डर, यंत्राचे नाव, सत्र आणि निकाल नोंदवते. मग शोधताना केवळ या सत्रातले, केवळ या फोल्डरातले किंवा सगळ्या यंत्रांतले, असे निवडून पाहता येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की एवढा खटाटोप कशाला. हा इतिहास म्हणजे बोटांची सोय, त्याला दफ्तराचा मान देणे हीच चूक. आक्षेपात तथ्य आहे, कारण जन्माची हकीकत तीच आहे. पण वस्तूचा उपयोग तिच्या जन्मावर ठरत नाही. पेशव्यांच्या कारकुनांनीही रोजकीर्द इतिहाससंशोधकांसाठी लिहिली नव्हती, हिशेब चुकू नये म्हणून लिहिली होती. रात्री दोन वाजता सर्व्हर कोसळला आणि सकाळी सगळे विचारू लागले की नेमके काय काय केले, तेव्हा पहिल्यांदा उघडली जाते ती हीच फाइल. बखरीच्या रीतीने लिहिली असेल तर ज्या सत्रात घोटाळा झाला आणि यंत्र अचानक बंद पडले, नेमके तेच सत्र तीत सापडत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा: मग हा पुरावा माना. तो मानता येत नाही. ही फाइल जिची आहे ती व्यक्ती तिच्यातली कोणतीही ओळ खोडू शकते, सगळी फाइल रिकामी करू शकते, किंवा आरंभीच शेलला सांगू शकते की काही लिहूच नकोस. घुसखोर तर आत आल्यावर पुष्कळदा हेच करतात. कुलकर्ण्याचे दफ्तर कुलकर्ण्याच्या घरी असे, पण वतनाचा तंटा उभा राहिला की देशपांड्यांचे कागदही पुढे येत. संगणकातले देशपांडे म्हणजे सुडोची (व्यवस्थापकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) नोंद आणि लिनक्सचे ऑडिट खाते, जे साध्या वापरणाऱ्याच्या हाताबाहेर असते. एकाच सामाईक खात्याने पाच जण सर्व्हरवर शिरत असतील तर शेलच्या इतिहासावरून कोणी काय केले हे ठरवायला जाणे अन्यायाचे आहे, कारण त्यात नावच नाही. माझा दावा एवढाच की ही कच्ची नोंद आहे, आणि कच्ची नोंद कच्ची म्हणूनही वेळच्या वेळी लिहिलेली असावी. रेसिडेंटची पत्रे काही निःपक्षपाती नव्हती. कंपनीचे हित आणि लिहिणाऱ्याची बढती दोन्ही त्यांत दडलेली आहेत. तरीही ती मोलाची ठरतात, कारण नंतर सोयीप्रमाणे ती घासूनपुसून घ्यायला कुणाला वाव मिळाला नाही.

काही जण म्हणतील की कायमचे काम स्क्रिप्टमध्ये लिहावे, स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवावी, मग इतिहासाची गरजच उरत नाही. तसे जरूर करावे. पण स्क्रिप्ट म्हणजे पक्की वही. तिच्यात अखेर जमलेले तेवढेच येते, आधी फसलेले सात प्रयोग येत नाहीत, आणि नवख्या माणसाला पुष्कळदा त्या सातांतूनच शिकायला मिळते.

राहिला गुप्ततेचा प्रश्न, आणि तत्काळ लेखनाच्या विरोधात सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. आज्ञेतच पासवर्ड लिहिला की तो साध्या अक्षरांत फाइलीत उतरतो, आणि ती फाइल बॅकअपबरोबर कुठे कुठे जाते याचा पत्ता लागत नाही. सत्राच्या अखेरीस लिहिले जात होते तेव्हा निदान यादीतून ती ओळ काढायला अवधी मिळे. लगेच लिहिले की तोही गेला. यावर उपाय लेखन लांबवण्याचा नाही, काय लिहायचे नाही हे आधी सांगण्याचा आहे. बॅशच्या हिस्टकंट्रोलमध्ये इग्नोरस्पेस घातले की आरंभी मोकळी जागा सोडून दिलेली आज्ञा नोंदली जात नाही. हिस्टइग्नोरमध्ये नमुने देऊन ठराविक आज्ञा वगळता येतात. झी शेलमध्येही यासारखे पर्याय आहेत. त्याहून बरे म्हणजे पासवर्ड आज्ञेत लिहूच नये, कार्यक्रमाला तो विचारू द्यावा. मराठी दरबारांतले मुत्सद्दी ही शिस्त पाळत: नाजूक मजकूर असला की पत्रात एवढेच लिहीत की बाकीचे पत्र आणणारा तोंडी सांगेल. सांगणारा आणि ऐकणारा गेल्यावर ते बोलणेही गेले, आणि आप्पासाहेबांच्या काळातल्या अशा किती गोष्टी त्या वाटेने गेल्या असतील, याचा हिशेब बखरीत नाही आणि रेसिडेन्सीच्या पाच खंडांतही नाही.