संडासाच्या नळाला वारा कशाला?

गोडेतेलाचा पत्र्याचा डबा आपण सर्वांनीच कधी ना कधी फोडला आहे. एकाच कोपऱ्याला भोक पाडले तर तेल गुटगुट करीत, धक्के खात बाहेर येते. समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडा, की सरळ धार लागलीच. त्या दुसऱ्या भोकातून तेल येत नाही, आत वारा जातो. एवढी साधी गोष्ट. पण घाण पाणी वाहून नेणाऱ्या नळालाही असे दुसरे भोक लागते, हे इंग्लंडातल्या शहाण्या कारागिरांना नीट उमजायला शंभरेक वर्षे गेली. ती हकीकत आज सांगायची आहे. विषय नाक मुरडण्यासारखा आहे खरा. कोणी जेवता जेवता ऐकत असेल तर त्यांनी क्षमा करावी.

लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाचा एक घड्याळजी होता. त्याने १७७५ साली संडासाच्या भांड्याखालच्या नळाला इंग्रजी 'एस' अक्षरासारखे वळण दिले आणि त्याचे पेटंट घेतले. वळणात थोडे पाणी नेहमी साचून राहते आणि नळातली दुर्गंधी तेथेच अडते. आपण ज्याला जलबंद म्हणतो, तो हाच. पाण्याचे कुलूप म्हणा ना! आजही जगातल्या बहुतेक घरांत हेच कुलूप आहे.

पण या कुलपात एक खोट होती. रॉकेलच्या पिंपात रबरी नळी सोडून तोंडाने एकदा ओढली, की पुढे रॉकेल आपोआप येत राहते, हे आपण पाहिले आहे. तसेच येथे होई. बादलीभर पाणी एकदम ओतले, की ते नळ भरून खाली धावे आणि जाता जाता वळणात राहायचे पाणीही आपल्यामागे ओढून नेई. कुलूप उघडे पडे. घरातल्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नसे.

हे फार दिवस खपून गेले, कारण तेव्हा घरोघर खड्डे होते. शतकाच्या मध्याला खड्डे बुजवून घरांचे नळ शहराच्या गटारांना जोडले गेले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला अशी घाण सुटली, की पार्लमेंटात बसणे कठीण झाले. मग बॅझलजेट या इंजिनियराने मोठी गटारे बांधली. काम थोरच, पण त्याचबरोबर सबंध शहराच्या गटाराचा वास प्रत्येकाच्या घरात यायला सरळ रस्ताही तयार झाला.

१८७१ साली व्हिक्टोरिया राणीचा थोरला मुलगा स्कारबरोमधल्या एका बंगल्यात पाहुणा म्हणून राहिला आणि विषमज्वराने अंथरुणाला खिळला. त्याच बंगल्यात उतरलेला एक सरदार तर दगावला. राजपुत्र वाचला. (हेच गृहस्थ १८७५ साली मुंबईत उतरले होते.) लोकांनी दोष दिला तो गटारातल्या वायूला. सगळ्या देशाने आपापल्या मोऱ्या तपासायला घेतल्या. लीड्सच्या टील नावाच्या सर्जनाने १८७८ साली घरोघरच्या नळांतले दोष दाखवणारे चित्रांचे पुस्तकच काढले. त्याच्या आदल्याच वर्षी हेल्यर या लंडनच्या प्लंबरने आपले पुस्तक छापले होते. त्याच्यासारख्या कारागिरांचा इलाज असा, की वळणाच्या पलीकडच्या अंगाला एक जादा नळ जोडावा, तो थेट छपराच्या वर न्यावा आणि त्याचे तोंड उघडे ठेवावे. पाणी धावले की वारा वरून आत येतो, वळणातले पाणी जागच्या जागी राहते. डब्याचे दुसरे भोक!

तळघरातल्या न्हाणीघराला तर हा नळ फारच हवा. वरच्या मजल्यांवरून कोसळणारे पाणी आपल्यापुढे वारा दाबत येते, आणि तो दाब सर्वांत खालच्या भांड्यातून बुडबुडे काढीत वर उसळतो.

आता गंमत पहा. १८८० साली एबर्थने विषमज्वराचा जंतू पाहिला, आणि हा रोग दूषित पाण्या-अन्नातून येतो हे पुढे पक्के ठरले. म्हणजे टीलच्या पिढीची भीती विषमज्वरापुरती तरी चुकीची होती आणि इलाज मात्र बरोबर होता! किती बरोबर, ते २००३ साली हाँगकाँगला दिसले. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्स हा रोग तीनशेहून अधिक लोकांना झाला. तपासात आढळले, की न्हाणीघरांच्या जमिनीतल्या जाळ्यांखालची वळणे पाण्यावाचून सुकली होती. भिंतीतला पंखा सुरू केला, की नळातली दूषित हवा त्यांतून घरात खेचली जाई.

मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मागे, हाऊस गल्लीत, भिंतीला धरून वर गेलेले नळ दिसतात. त्यांतला एक छपराच्याही वर जातो आणि त्याच्या डोक्यावर जाळी असते. तोच हा वाऱ्याचा नळ. आणि मोरीच्या जाळीखालच्या वळणाला आपल्याकडची इंग्रजी बांधकामाची पुस्तके 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द साहेबाच्या भाषेत जाऊन बसला, याचा मला उगीच अभिमान वाटतो.

गावात आता सेप्टिक टाक्या झाल्या आहेत. तेथे टाकीवरचा नळ उंच हवा आणि तोंडाला बारीक जाळी हवी, नाहीतर डासांची चंगळ. दोन शोषखड्ड्यांच्या संडासाला मात्र असा नळ लागत नाही. वायू मातीत मुरतो. एक सांगून ठेवतो: वाऱ्याचा नळ आहे म्हणून टाकी बिनधोक होत नाही. आतला वायू क्षणात माणूस मारतो. संरक्षक साधनांवाचून कोणाला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

माझीच फजिती सांगतो. घर बांधले तेव्हा गच्चीवर आलेला तो उघडा नळ मला विद्रूप वाटला. गवंडी नको नको म्हणत असता मी त्यावर सिमेंट थापायला लावले. आठवड्याभरात मोरी गुटगुट करू लागली आणि घरात बसवेना. शेवटी तोच गवंडी छिन्नी घेऊन वर चढला. बोलला काही नाही, नुसता हसला.

शिक्षक बंधुभगिनींना जूनमधला अनुभव आहेच. मे महिना शाळा बंद असते, वळणातले पाणी वाळते आणि पहिल्या दिवशी मुले नाक धरून परत येतात. फिनेल नंतर टाका. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक जाळीत आणि भांड्यात तांब्या-दोन तांबे पाणी ओतून ठेवा.